आधी पाणी शोधा: सासवड, फलटण, औंध, वाई, भोर अशी तीन दिवसांची फेरी

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने आपण शंभर वेळा गेलेलो असतो. खंबाटकी, सुरूर फाटा, एक वडापाव, आणि मग सरळ पाचगणी नाहीतर कोल्हापूर. वाटेतली गावं म्हणजे हिरव्या पाटीवरची नावं आणि त्यांच्यापुढचे बाण. त्या बाणांच्या दिशेला वळावंसं वाटतं, पण ‘तिथे बघायचं काय?’ इथे ज्यांचं घोडं अडतं, त्यांच्यासाठी हा लेख.

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या मावशीने दिलं. ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून अर्धा महाराष्ट्र फिरली आहे. कुठल्याही गावात शिरलो की ती काच खाली करून पहिल्या दिसणाऱ्या माणसाला विचारते, “दादा, नदी कुठं हो तुमची?” नदी नसेल तर तळं, तळं नसेल तर जुनी विहीर. तालुक्याचं नवं गाव एसटी स्टँडभोवती वाढलेलं असतं: मोबाइलची दुकानं, झेरॉक्स, वाढदिवसाचे फ्लेक्स. तेवढंच पाहिलं तर सगळी गावं सारखीच दिसतात. जुनं गाव पाण्याकाठी असतं. देऊळ, घाट, वाडा, जुनी पेठ हे सगळं तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा स्टँडवर थांबू नका, पाण्यापर्यंत जा.

खालची फेरी तीन दिवसांची आहे, चारशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पूर्वेकडून सातारा जिल्ह्यात शिरायचं आणि पश्चिमेकडून भोरमार्गे बाहेर पडायचं. गाडी कुठलीही चालेल. आमची जुनी हॅचबॅक आहे.

निघण्याआधी

काळ: गणपतीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. फेरीचा मधला भाग, म्हणजे माण आणि खटाव तालुके, पर्जन्यछायेत येतो. माणमध्ये वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. त्यामुळे माणदेश हिरवा दिसतो तो परतीच्या पावसानंतर थोडे आठवडे. त्यानंतर ज्वारी उभी राहते, आणि तीही बघण्यासारखी असते. एप्रिल-मेमध्ये नवख्यांनी या वाटेला जाऊ नये. आषाढी वारीच्या दिवसांतही नको, कारण पहिल्या दिवसाचा रस्ता हाच माउलींच्या पालखीचा रस्ता. वारी बघायला जायचं असेल तर खुशाल जा, पण मग ही सहल राहत नाही.

गाडी: स्टेपनीत हवा आहे का ते बघा. हे सगळे सांगतात आणि कुणी करत नाही. मीही केलं नव्हतं. दहिवडीच्या अलीकडे टायर बसला, डिकी उघडली तर स्टेपनीही बसलेली. एक जण स्टेपनी मोटारसायकलवर बांधून पंक्चरवाल्याकडे घेऊन गेला आणि तासाभराने हवा भरून परत आला. पैसे घेईना. शेवटी मावशीने त्याच्या पोरासाठी लाडवाचा डबा दिला. तेव्हापासून मी निघायच्या आदल्या दिवशी पाचही चाकं तपासते. जॅक आणि पाना कुठे ठेवलाय तेही बघून घेते.

पैसे: चहाच्या टपरीवरही आता क्यूआर कोड असतो, पण डोंगराआड रेंज गेली की तो नुसता कागद. दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून हजारेक रुपये जवळ असू द्या.

नकाशा: हे नीट वाचा. या फेरीतल्या दोन गावांचे प्रसिद्ध जुळे भाऊ आहेत. नुसतं ‘औंध’ टाकलंत तर फोन तुम्हाला पुण्यातल्या औंधला, म्हणजे कदाचित तुमच्याच घरी, परत नेईल. नुसतं ‘शिंगणापूर’ टाकलंत तर शनी शिंगणापूरला, म्हणजे अगदी वेगळ्याच जिल्ह्यात. ‘औंध, खटाव’ आणि ‘शिखर शिंगणापूर’ असं पुरतं नाव टाका आणि सातारा जिल्ह्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

आणि रस्ता विचारायची रीत शिकून घ्या. “हा रस्ता औंधला जातो का?” असं विचारलंत तर उत्तर येणार, “जातो की!” रस्ता जातोच. बैलगाडीचा असतो, पायवाटेचा असतो, तोही जातो. विचारायचं ते असं: “एसटी जाते का या रस्त्यानं?” एसटी जात असेल तर तुमची गाडी जाणार. नकाशातला सहा किलोमीटर वाचवणारा शॉर्टकट अन् एसटीचा रस्ता यांत निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून एसटीच्या मागे जा.

पहिला दिवस: पुणे ते फलटण

सकाळी सातच्या आत दिवे घाट चढा. उशीर झाला तर ट्रकच्या मागे रांगत जावं लागतं. घाटातून खाली मस्तानी तलाव दिसतो, पण वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका.

सासवडला आल्यावर पाणी शोधा, म्हणजे कऱ्हा. नदीकाठी संगमेश्वराचं देऊळ आहे, पुढे चांगावटेश्वराचं. दोन्ही दगडी, आणि सकाळी बहुतेक रिकामी. गावात सोपानदेवांची समाधी आहे आणि पुरंदऱ्यांचा वाडा. वाड्याचा दरवाजा बघून शनिवारवाडा आठवतो. नाश्ता इथेच उरका. पावसाळ्यात आलात तर सीताफळ, हिवाळ्याच्या अखेरीपासून पुढे अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते घरापर्यंत नेण्याच्या भानगडीत पडू नका, गाडीच्या उन्हात त्याचा जॅम होतो. तिथेच खा.

कऱ्हेचं पाणी लक्षात ठेवा, उद्या त्याची गाठ पडणार आहे.

जेजुरी ओलांडून पुढे चला. (जेजुरी बघायची असेल तर वेगळा दिवस काढा. ती ‘दुर्लक्षित’ गावांत बसत नाही आणि रविवारी तर मुळीच नाही.) वाल्हे, मग नीरा. नीरेच्या पुलावर पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. वारीत माउलींच्या पादुकांना इथेच नदीत स्नान घालतात. पुढे लोणंद, कांद्याची मोठी बाजारपेठ. मग तरडगावजवळ चांदोबाचा लिंब, जिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. एरवी तिथे काहीच नसतं, पण मला ती मोकळी जागा बघायला आवडते.

फलटणजवळ नवा रुंद रस्ता तुम्हाला अलगद गावाबाहेरून काढून देतो. तिथे शुद्धीवर राहा आणि आत वळा. फलटण हे नाईक-निंबाळकरांचं संस्थान. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, संभाजीराजांच्या आई सईबाई याच घराण्यातल्या. राजवाडा, त्याला लागून श्रीराम मंदिर आणि जवळच जबरेश्वराचं छोटं देऊळ, ज्याच्या बाहेरच्या भिंती कोरीवकामाने भरून गेल्या आहेत. महानुभाव पंथाचीही ही मोठी जागा आहे. काळ्या वस्त्रांतले साधू पेठेत दिसले तर बिचकू नका. रस्ते अरुंद आहेत, तेव्हा गाडी आधीच कुठेतरी लावून चालत फिरा.

मुक्काम फलटणलाच. लॉजची खोली पैसे देण्याआधी बघून घ्या आणि नळ सोडून बघा. कुणाला वाईट वाटत नाही.

एक नियम मात्र मोडू नका: या पट्ट्यात हंगामात अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि मार्चपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा असेलच असं नाही, आणि ड्रायव्हरच्या गाण्यांच्या आवाजात तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाणार नाही. समोरून येताना तो दिसतो. मागून गाठताना दिसते ती फक्त एक काळी भिंत, तीही अगदी जवळ गेल्यावर.

दुसरा दिवस: फलटण, शिखर शिंगणापूर, दहिवडी, वडूज, औंध

हा या फेरीतला सगळ्यात चांगला दिवस आणि सगळ्यात कमी सोयींचा. पेट्रोल फलटणलाच भरा. बायकांनी स्वच्छतागृहाचा हिशेब सकाळीच करावा: तालुक्याच्या गावातले पेट्रोल पंप आणि बरी दिसणारी हॉटेलं यांवर भिस्त ठेवा.

फलटण सोडल्यावर थोड्या वेळात ऊस संपतो. कुणीतरी रेघ मारावी तसा. हिरवं मागे राहतं आणि पुढे माळ सुरू होतो. मेंढरं, बाभळी, पवनचक्क्या. ही रेघ कुठून आली ते भोरला कळेल.

शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर शंभू महादेवाचं देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला सासवडच्या पंचक्रोशीतून तेल्या भुत्याची कावड निघते. काल तुम्ही ज्या कऱ्हेच्या काठी उभे होता, तिचंच पाणी खांद्यावर घेऊन माणसं चालत इथवर येतात आणि शेवटी मुंगी घाटाचा उभा कडा एकमेकांना हात देत चढतात. पाणी नसलेल्या मुलखातल्या देवाला दूरच्या नदीचं पाणी. देवळाबाहेर उभं राहून त्या कड्याकडे नुसतं पाहिलं तरी पोटात गोळा येतो. खाली गावाजवळ मोठा तलाव आहे. तो शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजांनी बांधवला असं सांगतात. यात्रेच्या दिवसांत गाडी घेऊन येऊ नका. एरवी पार्किंगला त्रास नाही.

पुढे दहिवडी. जेवणाची वेळ इथेच होते. माणदेशात जेवायला एसी हॉटेल शोधू नका, ‘घरगुती जेवण’ अशी पाटी शोधा. आम्ही बसलो होतो ती जागा म्हणजे पत्र्याची शेड आणि चार बाकं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेल सोडून परतले, वर जाडं मीठ टाकलं आणि पितळी तांब्याच्या बुडाने सगळं तव्यातच रगडलं. तांब्या फिरवताना एका हाताने तव्याला फडक्याने धरलेलं, ठसक्याने आम्ही दोघी बाहेर पळालेलो, आणि त्या मात्र शांत. बाजरीची भाकरी, खर्डा, दही, कांदा. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नाहीतर “जरा कमी” या शब्दांचा इथला अर्थ तुमच्या अर्थापेक्षा बराच तिखट निघेल.

एक बारीकशी गोष्ट. अशा ठिकाणी हाक मारताना ‘भैया’, ‘वेटर’ नको. बाई वयस्क असतील तर मावशी, बरोबरीच्या असतील तर ताई. पुरुषांना दादा, मामा. आणि आधी ‘राम राम’, मग प्रश्न. एवढ्यावर बंद वाड्यांची कुलपं उघडलेली मी पाहिली आहेत.

दहिवडीहून वडूज. हे येरळेकाठचं गाव, खटाव तालुक्याचं मुख्यालय. सप्टेंबर १९४२ मध्ये इथे मोर्चावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक गावात आहे. पाच मिनिटं थांबा.

दुपारी औंधला पोचायचं. संग्रहालय बघायचं असल्याने तीनच्या आत. दिवस ठरवताना सोमवार टाळा, कारण सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात.

औंधला ‘आधी पाणी’चा नियम चालत नाही. इथे टेकडी शोधायची. टेकडीवर यमाईचं मूळपीठ, तिच्या उतारावर भवानी संग्रहालय, खाली गावात राजवाडा आणि यमाईचं दुसरं देऊळ, समोर उंच दीपमाळ. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक आणि गोळा करण्याचा नाद असलेला माणूस. त्यांनी उभ्या केलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि ज्याची कुणी अपेक्षा करणार नाही ते हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही. साताऱ्याच्या पूर्वेला, ज्वारीच्या रानात, हेन्री मूर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाटी दोनदा वाचली.

याच राजांनी १९३९ साली राज्याची सत्ता लोकांच्या हाती दिली. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या मदतीने संस्थानासाठी ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना तयार झाली. स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी. आणि किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० मध्ये जागा मिळाली तीही औंध संस्थानातच, आजच्या किर्लोस्करवाडीत. गावात फिरताना हे सगळं डोक्यात असलं की दीपमाळेखाली पत्ते खेळणारी म्हातारी माणसं वेगळी दिसतात. ती त्यांच्या पत्त्यांत असतात. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा.

औंधला राहायच्या सोयी कमी आहेत. उजेड असेपर्यंत सातारा गाठा, चाळीसेक किलोमीटर आहे.

तिसरा दिवस: लिंब, वाई, मेणवली, भोर

साताऱ्याहून महामार्गाने पुण्याच्या दिशेने थोडंच पुढे आलं की लिंबचा फाटा. शेरेवाडीला बारा मोटांची विहीर आहे. आठच्या सुमारास पोचलात तर विहीर तुमच्या एकट्याच्या मालकीची. शाहू महाराजांच्या राणी विरूबाईंनी १७१९ ते १७२४ च्या दरम्यान ही बांधवली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यास, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची. पायऱ्या उतरून दरवाज्यातून आत गेलं की मुख्य अष्टकोनी विहीर समोर येते, तिला जोडून दुसरी छोटी विहीर, आणि दोन्हींच्या मधोमध, पाण्यावर, चक्क एक महाल. हवा एकदम थंड होते. वरच्या थारोळ्यांवर, म्हणजे मोटेचं पाणी ओतलं जायचं त्या जागांवर, उभे राहून खाली बघा: एकाच वेळी इतक्या मोटा चालताना चाकांचा किती आवाज होत असेल! नाव बारा मोटांचं असलं तरी जागा पंधरांची आहे असं गावकरी सांगतात. मोजायचा मोह होतो, पण कठडा सगळीकडे नाही. लहान मुलांचा हात सोडू नका आणि सेल्फीसाठी मागे सरकू नका.

तिथून पाचवडमार्गे वाई. वाई काही कुणाला माहीत नाही असं नाही, पण पाचगणीला जाणारे तिला खिडकीतूनच बघतात, म्हणून ती या यादीत. कृष्णेवर एकामागून एक घाट आहेत. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ, १७६२ सालचं, रास्त्यांनी बांधलेलं. दर्शन घेऊन झाल्यावर देवळाच्या मागे जा. हे बहुतेक लोक करत नाहीत. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं तेही याच गावात.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे चंद्रकोरीसारखा घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा, वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली. ती वाजवू नका. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा आत जाताना विचारा, जे शुल्क असेल ते द्या आणि बंद दारं ढकलून बघू नका. हा वाडा आणि घाट चित्रपटांत इतक्यांदा दिसलाय की तुमच्याबरोबरचा कुणीतरी सीन सांगायला लागेलच. त्याला घाटावर बसवून ठेवा.

वाईहून भोरला मांढरदेवीच्या घाटाने जायचं. चढ उभा आहे, वळणं आवळ आहेत. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ठेवा, उतरताना नुसत्या ब्रेकवर राहू नका, आणि वर येणाऱ्याला आधी जाऊ द्या. माथ्यावरून मागे धोमचं पाणी आणि पुढे भोरचं खोरं दिसतं. पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत हा रस्ता पूर्ण टाळा. एरवीही मंगळवार-शुक्रवारी गर्दी असते.

भोर हे पंत सचिवांचं संस्थान, नीरेकाठी. राजवाड्यात बऱ्याचदा शूटिंग चालू असतं. असेल तर आत सोडत नाहीत. वाद घालू नका, नदीवर जा. मग थोडं बाहेर, भाटघर धरणाकडे. वेळवंडी नदीवरचं हे धरण इंग्रजांनी १९२८ मध्ये पूर्ण केलं. यातलं पाणी नीरेत सुटतं, खाली वीरला अडतं आणि तिथून कालव्यांतून पूर्वेला जातं: डावा कालवा बारामतीकडे, उजवा फलटणकडे. कालच्या सकाळी फलटणबाहेर जी रेघ दिसली, जिथे ऊस संपून माळ सुरू झाला, ती या पाण्याची शीव. मावशीने धरणाच्या भिंतीकडे बघून विचारलं, “म्हणजे दहिवडीपर्यंत नाही पोचलं हे?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भोरहून कापूरहोळला महामार्ग लागतो. रविवार असेल तर दुपारी तीनच्या आत तिथे पोचा. नाही जमलं तर घाई करू नका. नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत बसून राहा, भोरहून बांधून आणलेलं काहीतरी खा आणि रात्री नऊनंतर निघा. मधल्या वेळात कात्रजपर्यंत गाड्यांची रांग असते आणि तीन दिवसांत कमावलेला सगळा शांतपणा त्या रांगेत जातो.